दरबारी चित्रकार वेलास्केझ : नोकरीने त्याची चित्रकला मारली की घडवली?

तुमचा प्रश्न असा आहे की, सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केझ हा आयुष्यभर एका राजाच्या पगारावर राहून त्याच राजाची, त्याच्या राण्यांची आणि मुलांची चित्रे रंगवत राहिला, तर मग पुढच्या काळातील चित्रकार त्याला इतके का मानतात. आणि जवळजवळ चाळीस वर्षांच्या कामानंतर त्याच्या नावावर जेमतेम सव्वाशेच्या आसपास चित्रे का आहेत. तुम्ही असेही विचारले आहे की, छापील पुस्तकात अत्यंत रेखीव वाटणारे त्याचे चित्र प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना जवळून नुसते फटकारे दिसतात, हे खरे आहे काय. मी पस्तीस वर्षे तैलरंगात व्यक्तिचित्रे करतो आणि तेच शिकवतो. माझ्या परीने तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. थोडक्यात सांगायचे तर दरबाराने वेलास्केझचा वेळ खाल्ला हे खरे आहे. पण एकच चेहरा वर्षानुवर्षे पाहण्याची संधी आणि चित्र हवे तिथे थांबवण्याची मुभा त्याला त्याच दरबाराने दिली, आणि त्याची चित्रकला याच दोन गोष्टींवर उभी आहे.

तो दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहरातला. 6 जून 1599 रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. वडिलांचे घराणे मूळचे पोर्तुगालचे. वेलास्केझ हे आडनाव आईचे, तशी आंदालुसियात, म्हणजे सेव्हिलच्या प्रांतात, पद्धतच होती. वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी तो फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडे सहा वर्षांच्या करारावर शिकायला राहिला, 1617 मध्ये चित्रकारांच्या संघाची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी गुरूची मुलगी हुआना हिच्याशी त्याचे लग्न झाले. पाचेको स्वतः मध्यम प्रतीचा चित्रकार, पण विद्वान आणि ओळखीपाळखीचा माणूस होता, आणि जावयाला दरबारात पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

या सेव्हिलच्या काळातले एक चित्र मात्र नीट पाहावे, कारण पुढचा सगळा वेलास्केझ त्यात बीजरूपाने आहे. अंडी तळणाऱ्या म्हातारीचे ते चित्र 1618 मधले आहे आणि आज एडिंबरोला आहे. चित्रकाराचे वय तेव्हा अठरा-एकोणीस. मातीच्या भांड्यात अंडी आहेत आणि त्यांचा पारदर्शक भाग कडेने नुकताच पांढरा धरू लागला आहे. म्हणजे चित्रकाराने पदार्थ रंगवलेला नसून तो शिजतानाचा एक क्षण रंगवला आहे. शेजारी पांढऱ्या वाडग्यावर आडवी सुरी ठेवली आहे आणि तिची सावली वाडग्याच्या खोलगटपणाबरोबर वाकली आहे. पितळी खलबत्त्यावरची चमक, लाल कांद्याचे साल आणि मुलाच्या हातातल्या काचेच्या सुरईतला उजेड या प्रत्येक वस्तूचा पृष्ठभाग वेगळा आहे आणि तो वेगळा रंगवलेला आहे. या वयात त्याला सगळे काही दाखवायचे होते, आणि ते दाखवता येत होते. पुढे त्याने काय काय सोडून दिले हे समजण्यासाठी त्याला काय येत होते हे आधी माहीत असावे लागते. आमच्याकडे येणारी मुले एकदम त्याच्या शेवटच्या काळातले मोकळे फटकारे मारू पाहतात, त्यांना मी नेहमी हे अंड्यांचे चित्र आधी समोर ठेवायला सांगतो.

1623 मध्ये राजाचा प्रमुख मंत्री काउंट-ड्यूक ओलिव्हारेस याने त्याला माद्रिदला बोलावले. ओलिव्हारेसचे घराणे सेव्हिलचे, आणि आपल्या गावची माणसे दरबारात आणण्याकडे त्याचा कल होता. त्या वर्षी 30 ऑगस्टला वेलास्केझने तरुण राजा चौथा फिलिप याचे चित्र केले आणि 6 ऑक्टोबरला महिना 20 डुकॅट (त्या काळचे एक नाणे) पगारावर त्याची राजाचा चित्रकार म्हणून नेमणूक झाली. राजा अठरा वर्षांचा, चित्रकार चोवीस वर्षांचा. (हा राजा आपल्याला वाटतो तितका परका नाही. 1640 पर्यंत पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याच डोक्यावर होता, म्हणजे गोव्यात तेव्हा ज्याच्या नावाने कारभार चालत असे तो हाच.) पाचेकोने लिहून ठेवले आहे की वेलास्केझच्या चित्रशाळेची किल्ली राजाकडे असे आणि तो जवळजवळ रोज येऊन, खुर्ची टाकून, काम पाहत बसे.

आता या नोकरीचे स्वरूप लक्षात घ्या. स्पेनमधल्या इतर चित्रकारांना मठ, चर्च आणि धर्मसंस्था यांच्या मागण्यांवर जगावे लागे. वेदीमागची भव्य चित्रे ठरलेल्या विषयाची, ठरलेल्या मापाची आणि ठरलेल्या मुदतीत द्यावी लागत, आणि त्यासाठी पाच-सात हाताखालचे लोक बाळगून कारखाना चालवावा लागे. वेलास्केझला दरबारात आल्यावर हे क्वचितच करावे लागले. त्याच्या घरी पगार येत होता, अर्थात तो बऱ्याचदा थकत असे. पण गिऱ्हाईक शोधायची गरज नव्हती आणि चित्र 'पुरे झाले' की नाही हे ठरवायला गिऱ्हाईक उभे नव्हते. ज्याने कधी मोबदल्यावर व्यक्तिचित्र केले आहे त्याला या मोकळीकीची किंमत कळेल. जरीचा काठ स्पष्ट दिसत नाही, अंगठीतला खडा नीट आला नाही, अशा तक्रारींपायी आम्ही किती चित्रे शेवटच्या दोन दिवसांत बिघडवतो, ते आमचे आम्हाला माहीत असते.

याची दुसरी बाजूही आहे. दरबारात चित्रकाराला मान मिळायचा तर दरबारी हुद्दा हवा, आणि वेलास्केझला तो मनापासून हवा होता. 1627 मध्ये तो राजाच्या दालनाचा उजियर, म्हणजे द्वारपाल अधिकारी झाला, आणि चढत चढत 1652 मध्ये राजवाड्याचा मुख्य आपोसेंतादोर झाला. या शेवटच्या पदाचे काम म्हणजे दालनांची सजावट, झाडलोट, जळणफाटा, आणि राजा दौऱ्यावर निघाला की वाटेतल्या मुक्कामांची व्यवस्था. माणूस बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, हात सर्वांत तयार, आणि तो शेगड्यांच्या लाकडाचा हिशेब पाहतो आहे! चित्रांची संख्या कमी असण्याचे पहिले कारण हे. दुसरे कारण 1734 सालच्या नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदच्या जुन्या राजवाड्याला लागलेली आग. त्यात त्याची काही चित्रे नष्ट झाली, आणि 1627 मध्ये दरबारातल्या ज्येष्ठ चित्रकारांना मागे टाकून त्याने जिंकलेल्या स्पर्धेचे, मोरिस्को (ख्रिस्ती झालेले मुसलमान व त्यांचे वंशज) लोकांच्या स्पेनमधून हकालपट्टीचे चित्रही त्यातच गेले. तिसरे कारण त्याचा स्वभाव. तो अतिशय सावकाश काम करणारा होता, म्हणजे हात संथ होता असे नव्हे. तो हातच क्वचित उचलायचा.

दरबाराने त्याला आणखी एक गोष्ट दिली आणि ती कुठल्याही शाळेत मिळाली नसती : भिंतीवरची चित्रे. स्पेनच्या राजांकडे सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार तिशियान याच्या उत्तमोत्तम चित्रांचा संग्रह होता आणि वेलास्केझ रोज त्यांच्यासमोरून ये-जा करीत होता. 1628 मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स राजकीय कामासाठी माद्रिदला आला, तिशियानच्या प्रती करीत बसला, आणि हे सगळे या तरुण चित्रकाराने पाहिले. पुढच्याच वर्षी राजाच्या परवानगीने आणि खर्चाने तो इटलीला गेला. बार्सिलोनाहून जेनोआला जाताना त्याच जहाजावर सेनापती आम्ब्रोजिओ स्पिनोला होता. 1635 मध्ये, स्पॅनिश सैन्यापुढे डच शहर शरण आले त्या प्रसंगाचे 'ब्रेडाची शरणागती' हे चित्र रंगवताना विजयी स्पिनोला पराभूत शत्रूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वाकू देत नाही असे त्याने दाखवले, ते या ओळखीमुळेच असावे असे मला नेहमी वाटते.

आता फटकाऱ्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत फिलिपचे तपकिरी-चंदेरी पोशाखातले उभे चित्र आहे, इटलीहून परतल्यावर साधारण 1631-32 च्या सुमारास केलेले. राजाच्या हातात अर्जाचा कागद आहे आणि त्यावर चित्रकाराने स्वतःचे नाव व 'महाराजांचा चित्रकार' असे लिहिले आहे. सही करण्याची त्याला फारशी सवय नव्हती, त्यामुळे हे विशेष. आठ-दहा फुटांवरून पाहिले की अंगरख्यावरचे चांदीचे भरतकाम लखलखते, टाका न् टाका मोजता येईल असे वाटते. पुढे सरकत गेलो की साधारण हातभर अंतरावर भरतकाम नाहीसे होते. तिथे असतात ती करड्या रंगाची वळवळणारी ओढ, तिच्यावर घट्ट सफेद्याचे लहान-मोठे ठिपके, मधूनच कोरड्या ब्रशची खरड, आणि बऱ्याच जागी खालचे तपकिरी तसेच उघडे. एकही फूल काढलेले नाही, एकही वेल काढलेला नाही. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा पुढे-मागे होत कितीतरी वेळ तिथेच होतो, आणि चांदी नेमकी कुठल्या पावलावर विरघळते ते मला शेवटपर्यंत पकडता आले नाही.

घरी येऊन मी त्या बाहीचा एक तुकडा उतरवून पाहायचा प्रयत्न केला आणि सपशेल फसलो. ठिपके त्याच जागी होते, रंग जवळपास तेच होते, तरी माझी चांदी चुन्यासारखी दिसत होती. पुष्कळ दिवसांनी चूक लक्षात आली : मी ठिपके रंगवत होतो, आणि त्याने ठिपक्यांमधले मधले टोन, म्हणजे उजेड-सावलीमधल्या छटा, आधी अचूक लावून ठेवले होते. चमक ही पांढऱ्या रंगात नसते, ती शेजारच्या करड्यात असते. करडा एक पायरी जरी उजळ झाला तर वरचा पांढरा मरतो. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. ती ब्रशच्या टोकाशी यायला वर्षे लागतात.

यामागे त्याची रंग लावण्याची रीतही आहे. सेव्हिलला असताना तो कॅनव्हासला तिथल्या मातीचे गडद तपकिरी अस्तर (चित्राखालचा पहिला थर) देत असे; माद्रिदला आल्यावर ते तांबूस झाले; आणि इटलीच्या प्रवासानंतर त्याने सफेदा मिसळलेले उजळ, करडे अस्तर वापरायला सुरुवात केली. अस्तर उजळ झाल्याबरोबर वरचा रंग पातळ लावता येऊ लागला, कारण प्रकाश खालून येतो. त्याची पॅलेट तशी मोजकीच होती : सफेदा, गेरू आणि इतर मातीचे लाल-तपकिरी, पिवडी, हिंगूळ, लाखेचा किरमिजी, हाडांचा काळा, निळ्यासाठी बहुधा अझुराइट हे निळे खनिज, क्वचित लाजवर्द. रंगात तो चुन्याची पूड मिसळी, त्यामुळे रंगाला अंग येई पण तो अपारदर्शक होत नसे. काही चित्रांच्या पार्श्वभूमीवर तर त्याने ब्रश पुसल्याच्या खुणा तशाच आहेत. आणि चुका तो खरवडून न काढता त्यांच्यावरूनच रंगवीत असे. तेलरंग जुना होत गेला की पारदर्शक होतो, त्यामुळे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात राजाच्या घोडेस्वार चित्रात घोड्याचे मागचे पाय आधी कुठे होते ते दिसते, आणि काळ्या पोशाखातल्या तरुण राजाच्या चित्रात पहिल्या वेळचे फाकलेले पाय खालून डोकावतात. विद्यार्थ्याने या जागा शोधून पाहाव्यात. इतक्या मोठ्या चित्रकाराचा विचार बदलताना पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

दरबारात राजघराण्यातल्या लोकांखेरीज करमणुकीसाठी ठेवलेले बुटके आणि विदूषक होते. त्यांची चित्रे त्याने केली आणि माझ्या मते त्याचे मोठेपण सर्वांत उघडपणे तिथेच दिसते. सेबास्तिआन दे मोर्रा जमिनीवर बसला आहे, आखूड पाय सरळ आपल्याकडे, मुठी वळून कमरेशी टेकलेल्या. शरीराचे खुजेपण लपवलेले नाही, त्याचा तमाशाही केलेला नाही. नजर मात्र अशी की आपणच क्षणभर खाली पाहावे. राजाला रंगवताना जो हात, जे अस्तर, जो वेळ, तोच इथे आहे.

1649 ते 1651 या दुसऱ्या इटली प्रवासात तो राजवाड्यासाठी चित्रे आणि पुतळे खरेदी करायला गेला होता. रोममध्ये पोप दहावा इनोसंट याचे चित्र करण्यापूर्वी त्याने हुआन दे पारेखाचे चित्र केले आणि 19 मार्च 1650 रोजी ते पँथिऑन या प्राचीन वास्तूत लोकांसमोर मांडले. पारेखा त्याच्या चित्रशाळेत काम करीत असे आणि तो त्याचा गुलाम होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वेलास्केझवर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट कुजबुजत सांगू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोममध्येच त्याने पारेखाला मुक्त करणारा दस्तऐवज केला, पण तो अमलात यायचा होता चार वर्षांनी. पुढे पारेखा स्वतंत्र चित्रकार म्हणून जगला. चित्रात तो खांद्यावरून आपल्याकडे पाहतो, आणि सेबास्तिआनच्या चित्रासारखाच तो कुणाची परवानगी मागताना दिसत नाही. पोपच्या चित्रात मात्र लाल पडदा, लाल खुर्ची, लाल टोपी आणि लाल रेशमी खांदेवस्त्र असे लालावर लाल रचलेले आहे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक संशयी, हुशार, थकलेला चेहरा आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात हे लाल एकमेकांना खाऊन टाकते.

'लास मेनिनास' (राजकन्येच्या सख्या) या 1656 मधल्या चित्राबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी फक्त एका जागेबद्दल सांगतो. सुमारे 3 मीटर 18 सेंटिमीटर उंचीच्या या चित्रात पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता मध्यभागी उभी आहे, डावीकडे स्वतः चित्रकार मोठ्या कॅनव्हासमागे, मागच्या आरशात राजा-राणी, आणि दूर उघड्या दारात पायऱ्यांवर राणीचा अधिकारी होसे निएतो. आरसा काय दाखवतो यावर वाद घालण्याआधी गुडघे टेकलेल्या मारिया आगुस्तिना या सखीच्या हाताकडे पाहा. ती चांदीच्या तबकावर लाल मातीचे छोटे भांडे पुढे करते आहे. तबकाची कड म्हणजे एक-दोन फटकारे, भांडे म्हणजे तांबड्याचा एक ओला डाग आणि त्यावर एक ठिपका, आणि राजकन्येची बोटे तर बोटे म्हणून काढलेलीच नाहीत. अठराव्या वर्षी मातीच्या भांड्यातले अंडे रंगवायला ज्याने जिवाचे रान केले होते त्याने इथे मातीचे भांडे एका श्वासात संपवले आहे, आणि ते अधिक भांडे झाले आहे.

चित्रकाराच्या छातीवरचा लाल क्रूस सान्तियागो या सरदारी संघाचा आहे. तो मान त्याला 1659 मध्ये मिळाला, म्हणजे क्रूस नंतर रंगवलेला आहे. त्यासाठी त्याच्या कुळाची चौकशी झाली, शंभराहून अधिक साक्षी झाल्या, आणि त्याने कधी पोटासाठी चित्रे विकली नाहीत असे साक्षीदारांनी सांगितले. त्यांत सुरबारान आणि आलोन्सो कानो यांच्यासारखे चित्रकारही होते. हस्तकलेवर पोट भरणारा मनुष्य सरदार होऊ शकत नाही असा तो समाज होता. नोकरीतल्या हुद्द्यांमागे तो का धावला हे कळायला ही चौकशी पुरेशी आहे, आणि म्हणून मला त्याला त्याबद्दल बोल लावावासा वाटत नाही.

राजाचे काय झाले तेही सांगतो. 1653 मध्ये फिलिपने एका पत्रात लिहिले की नऊ वर्षांत आपले नवे चित्र झालेले नाही, कारण वेलास्केझच्या संथपणापुढे बसण्याची आपली इच्छा नाही आणि आपण म्हातारे होत चाललो आहोत हे पाहण्याचीही नाही. तरी तो पुन्हा बसलाच. त्या शेवटच्या काळातल्या छातीपर्यंतच्या चित्रांत काळा पोशाख जेमतेम सुचवलेला आहे. लांब हनुवटी तीच, जाड ओठ तोच, पण डोळ्यांखालचे मांस उतरले आहे. खुशामत नाही आणि क्रूरपणाही नाही. तीस वर्षे एका चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय असे चित्र कुणालाही करता येणार नाही. दर महिन्याला नवा चेहरा रंगवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा हेवा वाटतो तो इथे.

1660 च्या वसंतात राजकन्या मारिया तेरेसा आणि फ्रान्सचा चौदावा लुई यांच्या विवाहासाठी सीमेवरच्या फेझंट बेटावरचा मंडप सजवायला आणि वाटेतले मुक्काम लावायला तो गेला, जूनअखेरीस परतला, आणि 6 ऑगस्टला वारला. आठवडाभराने हुआनाही गेली. ज्या चर्चमध्ये त्याला पुरले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडले गेले.

व्हिएन्नाला कधी गेलात तर त्याच्या अगदी शेवटच्या चित्रांपैकी एक, 1659 मधले, दोन वर्षांच्या राजपुत्र फेलिपे प्रॉस्पेरोचे चित्र जरूर पाहा. मूल आजारी असे. पांढऱ्या झबल्यावर दृष्ट लागू नये म्हणून ताईत, मणी आणि छोटी घंटा बांधलेली आहे, आणि प्रत्येक ताईत म्हणजे रंगाचे एक-दोन थेंब. एक पांढरट हात खुर्चीच्या पाठीवर सैल पडला आहे. खुर्चीत एक लहान कुत्रे बसले आहे, कान, ओला डोळा, सगळे मिळून जेमतेम डझनभर फटकारे, आणि ते मुलापेक्षा अधिक सावधपणे आपल्याकडे पाहते. चित्रकार त्यानंतर वर्षभराने गेला. मूल 1661 च्या नोव्हेंबरात, चार वर्षांचे व्हायच्या आत.